नवव्या बटणावरचा रस्ता

१२ एप्रिल १९९२, रविवार

पोचले एकदाची. धुळ्याहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलून भुसावळ, आणि भुसावळहून रिक्षाने दीपनगर. रिक्षावाला म्हणाला, आजी, आता कारखान्याच्या चिमण्या दिसतील. दिसल्या. क्वार्टरच्या दारात माझा मुलगा अभिमन उभा होता. त्याच्यापेक्षा चिमण्या धष्टपुष्ट आहेत. सून सुनंदा फैजपूरची. तिला म्हटलं, तुमच्याकडे केळीच्या घडाला जेवढं जपतात तेवढं नवऱ्याला जपत नाहीत वाटतं. ती हसली. बाई वाईट नाही.

क्वार्टर झकास आहे. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी घरातच. नळाला दिवसभर पाणी. आणि वीज जात नाही. आमच्या गावी वीज पाहुण्यासारखी येते, इथे घरजावयासारखी ठाण मांडून बसली आहे. का नाही बसणार, इथेच तर तयार होते. फक्त वाळत घातलेल्या लुगड्यांवर राख पडते. सुनंदा म्हणते, झटकायची. मी म्हटलं, आमच्याकडे घरात राख यायला आधी कोणी मरावं लागतं.

ही वही नात उज्ज्वलाने दिली. तिसरीत आहे. तिच्या बापाला कुठल्याशा ठेकेदाराने दिलेली, कडक पुठ्ठ्याची. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस, थोडं यात बोल. मी चौथी पास. तीही मास्तर माझ्या मामाच्या ओळखीचा होता म्हणून. पण अक्षर माझं अभिमनपेक्षा बरं आहे, हे त्यालाही कबूल आहे.

जेवायला शेवभाजी होती. तिखट कमी. उद्यापासून मी करीन.

१४ एप्रिल, मंगळवार

इथल्या बायका दुपारी दारं लावून टीव्ही बघतात. कोणी ओट्यावर बसत नाही. बोलायचं कुणाशी? म्हणून वही.

आमचाही टीव्ही आहे. त्याच्याखाली एक काळी पेटी, व्हीसीआर. बदली झालेल्या एका इंजिनेरने जाताना अभिमनला दिला. उज्ज्वलाने मला सगळं शिकवलं. पेटीच्या पुढे बारा बटणं. पेटीला एक झाकण, ते उघडलं की बारा बारीक चाकं, हरभऱ्याएवढी. एकेका बटणाचं एकेक चाक. प्लास्टिकच्या काडीने चाक फिरवायचं, फिरवता फिरवता चित्र सापडलं की थांबायचं. मग ते बटण त्या चित्राचं झालं. कॉलनीत गिरधर नावाचा माणूस आहे, त्याने गच्चीवर छत्री लावून घरोघर वायर ओढली आहे, त्यावर आठ ठिकाणची चित्रं येतात. एक ते आठ बटणं भरली. नऊ ते बारा रिकामी. ती दाबली की पांढऱ्या मुंग्या आणि पावसासारखा आवाज. उज्ज्वलाला म्हटलं, चार घरं रिकामी ठेवू नयेत, कोणीही येऊन राहतं. ती म्हणाली, आजी, तू वेडी आहेस.

आता ज्यासाठी आले ते लिहिते. माझी लेक कुंदा गेल्या वर्षी गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. आखाजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला दुपारी दोनच्या एसटीत बसवून दिलं. चाळीसगावच्या पुढे फाट्यावर उतरून तिच्या सासरचं गाव तीन मैल. ती पोचली नाही. मधल्या विहिरीत सापडली. सासरचे म्हणाले, पाणी प्यायला वाकली, पाय घसरला. असेल. नसेल. बघायला कोणी नव्हतं, कारण तिच्याबरोबर कोणी नव्हतं.

माझ्याकडे तिचा एक फोटो नाही. जे होते ते सासरी. अभिमनकडे तिच्या लग्नाची कॅसेट आहे. तोंड बघायला आले आहे. बाकी नळ आणि वीज वगैरे बोलायच्या गोष्टी.

१७ एप्रिल, शुक्रवार

कॅसेट लावली. सगळी माणसं दिसतात. माझा मेलेला नवरा दिसतो, फेटा तिरपा. व्याही दिसतात, तोंडात पान. फक्त कुंदा आली की नेमका तिच्या तोंडावर पांढरा पट्टा येतो. हात दिसतात, हिरवा चुडा दिसतो, मुंडावळ्यांची टोकं हलतात. तोंड नाही. पट्टा बरोबर डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. ती वाकली की पट्टा वाकतो.

अभिमनने समोरचं गोल बटण फिरवलं, पट्टा खाली सरकला, तिचा गळा झाकला, पुन्हा वर आला. टीव्हीचा उजेड वाढवला, रंग कमी केला, सगळी माणसं हळद लावल्यासारखी पिवळी झाली. पट्टा जागेवर. तो म्हणाला, आई, वर्षभर हेच करतोय. दुपारची पाळी असली की सकाळी, सकाळची असली की दुपारी.

वर्षभर! मला कळलं तो का वाळला. सुनंदा स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांडं जोरात ठेवलं.

मी म्हटलं, त्या छत्रीवाल्याला बोलाव. कॅसेट दुरुस्त करता येते का पाहू दे.

१९ एप्रिल, रविवार

गिरधर आला. पन्नाशीचा, एका कानाने कमी ऐकतो, बोलतो मात्र दोघांच्या वाटचं. त्याने पेटीच उघडली. आत कोंबडी सोलल्यासारखं सगळं उघडं. म्हणाला, कॅसेट चांगली आहे, मशीन तिला नीट वाचत नाही. डोळे बारीक करून दोन स्क्रू पाव पाव फिरवले. कुठल्याशा चाकावरचा काळा मळ स्पिरिटने पुसला. मग म्हणाला, आता ही तुमचीच कॅसेट नीट दाखवेल, दुसऱ्या कॅसेटी वाकड्या दिसतील, चालेल? अभिमन म्हणाला, दुसऱ्या नकोतच.

लावली. पट्टा नाही.

माझी कुंदा. नाक बापाचं, हट्ट माझा. अंतरपाट धरला होता आणि ती खालून आमच्याकडे बघत होती, हसू दाबत. शालूत घाम आलेला. वर्षभर मी विसरले होते की तिच्या डाव्या भुवईत एक केस पांढरा होता.

रडले नाही. चहा केला. गिरधरच्या चहात साखर दोनदा पडली, तो तसाच प्याला.

२२ एप्रिल, बुधवार

आज मी अभिमनला शिव्या दिल्या. चाळीस वर्षांच्या पोराला, बायको-लेकीसमोर.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. आपण होऊन येत नाहीत, त्यांना आणायला मुऱ्हाळी जावा लागतो, भाऊ नाहीतर बाप. मुऱ्हाळी येईपर्यंत लेक दारात वाट बघते. अभिमन दरवर्षी कुंदाचा मुऱ्हाळी. ती धाकटी, तरी तिला ताईच म्हणतो. गेल्या वर्षीही गेला, घेऊन आला. पोचवायला मात्र जमलं नाही, कारखान्यात पाळी होती.

आज दुपारी मी पडले होते. बाहेरच्या खोलीत आवाज आला म्हणून उठले तर हा कॅसेट थांबवून बसला होता. पडद्यावर कुंदाचं तोंड स्थिर, थोडं थरथरतं. याने काचेवर तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. आणि तिला न्यायला आल्यासारखा हळू आवाजात म्हणत होता,

“ताई, चाल, आखाजीले. मी तुले लेवाले उनू.”

मी आत येऊन पदराने कुंकू पुसलं. त्याला म्हटलं, गाढवा, जित्या लेकीला मुऱ्हाळी जातो. मेलेल्याला घागर भरतात. आखाजीला दारात पाण्याची घागर, तिच्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास. गेलेलं माणूस पाणी पितं आणि उंबऱ्यावरून जातं. त्याला आत बोलवत नाहीत. दोन्ही एकाच दिवशी असलं तरी दोन्ही वेगळं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तो म्हणाला, आई, तिची घागर भरणार कोण? तिच्या नवऱ्याने, लोटनने, दिवाळीआधी दुसरी केली. ते भरणार नाहीत.

मी म्हटलं, लेक दिली ती दिली. तिचं पाणी सासरचं. आपण भरलं तर त्यांच्या तोंडावर त्यांना मेलं म्हटल्यासारखं होतं. रीत आहे.

रीत आहे खरी. पण सांगून झाल्यावर मीच तांब्याभर पाणी प्याले.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी एकटी होते. कॅसेट लावली. आता मला येतं.

काहीतरी वेगळं वाटलं. दोनदा मागे नेऊन पाहिलं. अंतरपाटामागे कुंदा उभी आहे, सगळे तेच, भटजी तोच, माझ्या नवऱ्याचा फेटा तिरपाच. पण तिच्या अंगावर शालू नाही. पोपटी साडी आहे, बारीक लाल काठाची.

ती साडी मी घेतली होती. गेल्या आखाजीला, धुळ्याच्या बाजारात. लग्न चार वर्षांपूर्वीचं.

सुनंदाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आत्याबाई, रंग बिघडला असेल, गिरधरभाऊंनी स्क्रू फिरवले ना. मी म्हटलं, काठ पण बिघडले? ती पडद्याकडे बघत राहिली. मग उज्ज्वलाला खेळायला बाहेर पाठवलं.

ती साडी नेसवूनच तिला जाळली. मी स्वतः बघितलं आहे.

२७ एप्रिल, सोमवार

कॅसेट काढून गव्हाच्या कोठीत ठेवली. वर पाटा ठेवला. मला वाटलं संपलं.

दुपारी उज्ज्वला बटणं दाबत होती. आठ झालं, नऊ दाबलं. मुंग्या असायला हव्या होत्या. मुंग्या होत्याच, पण त्यांच्या आड काहीतरी होतं. पोरीने झाकण उघडून नवव्या चाकात काडी घातली आणि केसभर फिरवलं. मुंग्या विरळ झाल्या.

रस्ता. उन्हाने पांढरा झालेला. कडेला बाभळी. लांब, अगदी लांब, एक ठिपका. आवाज नाही, फक्त फुफाट्यात चपला ओढल्यासारखं घस, घस.

उज्ज्वला म्हणाली, कुठलं तरी शेतीचं असेल, आजी. मी बटण बंद केलं. माझ्या हाताने बंद केलं.

तो फाट्याचा रस्ता आहे. तेराव्याला मी त्यावरून चालत गेले होते.

२९ एप्रिल, बुधवार

गिरधरला विचारलं, नवव्यावर काय लावलंस. तो म्हणतो, काही नाही, वायरीत आठच आहेत, नववं येणारच कुठून. त्याने चाक फिरवून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेही थांबलं तरी रस्ता. त्याने वायर काढून घेतली. रस्ता तसाच.

ठिपका आता ठिपका नाही. बाई आहे. पोपटी.

दुपारी दोनलाच दिसते. इतर वेळी मुंग्या.

अभिमन आज पाळीला गेला नाही. पडद्यासमोर पाट टाकून बसला. पाण्याचा तांब्या जवळ. चार तांबे संपवले तरी ओठ फुटलेले. मला म्हणाला, ती मुऱ्हाळी विसरली नाही, आई. निघाली आहे.

त्याच्या तोंडावर आनंद होता, तेच वाईट.

१ मे, शुक्रवार

सुनंदा आणि उज्ज्वला आज फैजपूरला गेल्या. तिचा भाऊ मुऱ्हाळी आला होता. सुनंदा जायला तयार नव्हती. मी सांगितलं, पोरीला घेऊन जा, इथे थांबू नको, मी आहे. तिने माझ्या पाया पडताना हात जरा जास्त वेळ ठेवला. भाऊ आला, घेऊन गेला, किती साधी गोष्ट आहे.

दोन वाजता बघितलं. आज मागे चिमण्या होत्या. इथल्या. भुसावळहून येणारा रस्ता, डांबर वितळलेलं. ती चालताना पाय उचलत नाही, ओढते. दमली आहे. तीन मैलांच्या जागी किती चालली असेल?

मी म्हटलं, कुंदे, मागे फिर. काचेला म्हटलं. मला लाज वाटली.

३ मे, रविवार

काल गिरधर पेटी घेऊन गेला. मीच सांगितलं, ने, दुकानात ठेव, फोड, काय करायचं ते कर. आज सकाळी परत घेऊन आला. दारातच ठेवली, आत आला नाही. इतका बोलणारा माणूस. मी विचारलं, दिसली? तो जमिनीकडे बघत म्हणाला,

“मले काही इचारू नका, आजी. माह्या दुकानात ते पाठमोरी होती. तुमच्या घराकडे चालली होती.”

मग म्हणाला, पेटी कुठेही ठेवली तरी ती इथेच येणार आहे, तर निदान तुम्हाला कळत राहावं, म्हणून आणली.

शहाणा आहे.

दोन वाजता: कॉलनीचं फाटक. ती आत शिरली. कोणी अडवलं नाही.

अभिमन उठत नाही. अंग तापलेलं, घाम नाही. पाणी पाजलं की पितो, पण जीभ कोरडीच. लाकडासारखी. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणतो, बहीण घरी येतेय आणि मी कुठे जाऊ.

माझी दोन पोरं. एक गेलं. हे एक आहे.

५ मे, मंगळवार. आखाजी.

रीत मोडली. सकाळीच मोडली.

भुसावळच्या बाजारातून गिरधरच्या बायकोने डेरगं आणून दिलं. वर्षाच्या आत गेलेल्याचं म्हणून लहान मडकं असतं ते. स्वतः भरलं, नळाचं नाही, हापशाचं गार. वर आंबा, बाजूला डांगर. सूत गुंडाळलं. उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. पुरणपोळी केली, तूप सोडून आगारी टाकली. नाव घेतलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं, सासूचं. मग कुंदाचं. सासरचं आडनाव लावून घेतलं, मग माहेरचंही लावलं. म्हटलं, पी आणि जा, बाई. तुझी आई सांगते आहे.

मे महिन्यात मातीचं भांडं पाझरतं. बाहेरून ओलं होतं, दुपारपर्यंत दोन बोटं उतरतं. नव्या मडक्याचं तर जास्तच.

संध्याकाळी पाहिलं. काठोकाठ. बाहेरून कोरडं. एक थेंब कमी नाही.

तिने शिवलं नाही. का शिवेल. तिला घागर भरून नव्हतं बोलावलं. मुऱ्हाळी पाठवला होता. लेक म्हणून बोलावलं, ती लेक म्हणून आली. उंबऱ्याबाहेर ठेवलेलं पाणी माहेरवाशीण पीत नाही —

दोन वाजता पडद्यावर आमचं दार होतं. बाहेरून. दारापुढे डेरगं. ती थांबली. लुगड्याची निरी उचलावी तशी साडी उचलली आणि मडक्याला वळसा घालून —

मी दार उघडलं नाही. दार उघडंच होतं. आखाजीला कोण दार लावतं.

६ मे

नवव्या बटणावर आता रस्ता नाही.

ही खोली आहे. स्वयंपाकघराच्या दारातून दिसते तशी. पाटावर अभिमन, पाठमोरा. त्याच्यामागे मी, पाठमोरी, हातात वही. माझ्या अंबाड्यातला आकडा निसटलेला दिसला. हात मागे नेऊन चाचपला. निसटला होता.

मागे वळून पाहिलं नाही.

चित्र फार स्वच्छ आहे. गिरधरला कधी एवढं स्वच्छ जमलं नाही.

दिवसभर तिच्या वाट्याचं ताट वाढलं. लेक आली तर वाढायलाच हवं. ताट तसंच. अभिमन आठ तांबे पाणी प्याला. त्याच्या गळ्यातून खाली उतरताना आवाज येतो, विहिरीत दगड टाकल्यासारखा. उशिराने.

७ मे

लिहून टाकते. कोणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ती जाताना म्हणाली,

“माय, तू मन्हासंगे चाल ना.”

एकदा नाही, तीनदा. एसटीच्या खिडकीतूनही. कारण सांगत नव्हती. मला दिसत होतं तिला एकटीला त्या घरात शिरायचं नव्हतं. आई बरोबर असली की पहिल्या दिवशी तरी कोणी काही बोललं नसतं. बोळवण म्हणतात ती हीच. लेकीला आणायला जातात तसं पोचवायलाही माणूस हवं. मला पापड घालायचे होते. उडदाचं पीठ भिजवून ठेवलेलं. मी म्हटलं, धाकली पोर शे का तू, बसमा बस अन जाय.

पापड चांगले झाले होते त्या वर्षी.

अभिमनने आज पिशवी भरली. दोन कपडे, टॉवेल, रिकामा तांब्या. मला म्हणाला, उद्या तिसरा दिवस, ताईला पोचवून येतो. दोनच्या गाडीने. उभं राहता येत नाही त्याला. भिंतीला धरून पिशवी भरली.

म्हणाला, मुऱ्हाळी मी, पोचवणार पण मीच. गेल्या वर्षी राहिलं.

बरोबर आहे त्याचं. जो आणतो तोच —

नाही.

८ मे, सकाळ

गिरधरला बोलावलं. तो आला, या वेळी दारात थांबला नाही, आत आला. डोळे खाली. अभिमनला उचललं, गिरधरच्या बायकोनेही हात लावला. कॉलनीच्या दवाखान्यात नेलं. अभिमन ओरडला नाही, फक्त पडद्याकडे हात केला. मी तो हात खाली केला.

गिरधरच्या बायकोने नंतर येऊन सांगितलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. पहिली बाटली वाहत होती, अंगात जिरत नव्हती. घाम नाही, लघवी नाही. मी म्हटलं, दोनपर्यंत थांब, मग जिरेल.

सुनंदाला निरोप पाठवला आहे. उज्ज्वलाला इथे आणू नको म्हणून. आठ दिवस.

८ मे, पुन्हा

दीड वाजला आहे.

पडद्यावर खोली. पाट रिकामा. मी पाठमोरी. ती अजून स्वयंपाकघराच्या दारात आहे. कारण चित्र तिथूनच दिसतं.

मी म्हटलं, तो येणार नाही. त्याला बायको आहे, पोरगी आहे. हे ऐकून चित्र हललं. सगळ्या खोलीला एक मुंगी चाटून गेली.

मी म्हटलं, ऐक. तू त्याला नव्हतं म्हटलं. तू मला म्हटलं होतंस.

चित्र थांबलं.

थंड वाटतंय. मानेवर. मे महिना.

पावणेदोन

लुगडं बदललं. दुसरं, बरं होतं ते. तांब्या भरून घेतला. यावेळी भरलेला. तिला वाटेत लागेल.

कॅसेट गव्हात आहे. अभिमनने काढू नये. मशीन गिरधरला द्यावं, त्याला वाटलं तर फोडावं. उज्ज्वलाला माझ्या पाटल्या. सुनंदा, तिखट थोडं जास्त घालत जा.

घाबरले नाही असं लिहिणार होते. खोटं आहे.

पण वर्षभर हे उरात घेऊन बसण्यापेक्षा —

दोन

खोली गेली. रस्ता आला. तोच. पांढरा, बाभळी. मी इथेच बसले आहे, वही मांडीवर आहे, पेन हातात आहे.

रस्त्यावर दोघी आहेत. पाठमोऱ्या. एक पोपटी. एकीच्या हातात तांब्या. लुगडं माझं.

ती पुढे, मी थोडी मागे. तिने हात मागे केला आहे. लहान होती तेव्हा बाजारात करायची तसा, न बघता.

माझ्या डाव्या हाताला काहीतरी — ओलं. गार. बोटं आहेत.

अभिमनला आता पाणी लागू पडलं असेल. लागू पडू दे.

विहीर दिसते. ती तिकडे बघत नाही. मी आहे ना. आपण पुढे जाऊ, सरळ त्यांच्या दारात जाऊ, मी बोलते त्यांच्याशी, बघू कोण काय —

चपलांचा आवाज या खोलीत येतो आहे. दोघींचा.

कुंदे, अगं हळू चाल. माझे गुडघे —